पाडलेल्या गल्लीतली वर्दळ

४ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर 'मी मजेत आहे' म्हणताना तुझा आवाज किंचित चढतो आणि मागे कुणीतरी सारखी खुर्ची सरकवत असतं. जन्मभर भिंतीला कान लावून पाइपातली गळती शोधली मी, तिथे तुझी काय कथा! म्हणून म्हणतो, पत्रच लिहीत जा. कागदावर तरी तुला मला फसवता येईल.

तू त्या लांबच्या शहरात बसून आमची गल्ली संगणकात बसवलीस, ते काम नामी झालंय. भुयारी गटारासाठी घरं पाडायच्या आधी तुमचा उडता कॅमेरा आला होता, तेव्हा शिंप्यानं दोरीवरची चादर घाईघाईनं आत ओढली होती. आता बघतो तर ती अर्धी दोरीवर, अर्धी हवेत, जन्माची अडकून बसलीय. शिंपी म्हणतो, तुझ्या पुतणीला सांग, एवढी इस्त्री तरी करून द्यायची.

फोनवर आपल्या नावाची पिवळी बाहुली घ्यायची, गल्लीत हिंडायचं आणि गटार घालून चर बुजवल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत झाड, बाक, दिवा काय हवं ते ठेवायचं, हे तुमच्या माणसानं नीट शिकवलं. संध्याकाळी सगळे जातातही. फक्त ठेवत कुणी काही नाही. जो तो आपल्या दाराशी जाऊन उभा राहतो. या टोलेजंग इमारतीत राहायला आल्यापासून आम्ही लिफ्टमध्ये 'काय, बरं ना' याच्या पुढे गेलेलो नाही. तिथे मात्र पोळ्या होईपर्यंत शेजारी शेजारी उभे.

आणि आवाज काय बेमालूम घातलेत गं! सकाळी कोपऱ्यावरच्या नळाची धार येते. तुझ्या काकूच्या बादलीची कडी एका बाजूनं निखळली होती, ती मी तारेनं बांधली होती. चालताना ती खर्र खर्र करायची. तेही पकडलंत! कसं जमवलं, ते कळव.

लोभ आहेच. तो टिकवायला मात्र पत्र लागतं.

तुझा,
काका

९ नोव्हेंबर

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

खुर्ची सरकवणारे माझे साहेब आहेत. फसवत नाही, सांगते.

आधी आवाजाचं. काका, मॉडेलला आवाज नाही. एक कणही घातलेला नाही. टीव्ही चालू राहिला असेल, नाहीतर वरच्या मजल्याचा पाइप वाजत असेल.

आता कामाचं. रहिवाशांना विचारून जागेचा आराखडा करायचा, हा हट्ट माझा होता. साहेबांचं म्हणणं, सरळ फरशी घालून वाहनतळ करावा. महिनाअखेरीच्या बैठकीपर्यंत गल्लीचं मत आलं नाही, तर तेच होणार आणि कोपऱ्यावरची तिन्ही झाडं जाणार. तुमच्याकडून एक बाकसुद्धा आला नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते. पण मॉडेल एक गोष्ट आपणहून करतं. बाहुल्या जिथे उभ्या राहतात, जिथून रोज जातात, ती जागा लाल होत जाते आणि तिथे लोकांना काहीतरी हवंय असं धरलं जातं. काल पाहिलं तर पाडलेली गल्ली जशीच्या तशी लाल रेघांनी उमटली होती. सगळ्यांत ठळक रेघ तुमच्या दारापासून नळापर्यंत.

हे मत म्हणून चालतं. मात्र बैठकीआधी प्रत्येक बाहुली त्या गल्लीत राहिलेल्या जिवंत माणसाची आहे, असं मला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. बाहुल्या माणसांपेक्षा जास्त भरतायत. आणि नळावर जाणारी बाहुली काकूच्या नावाची आहे.

रागावले नाही. पण खरं काय ते लिहा.

तुमची,
चिंगी

१३ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगतो. तिची बाहुली मीच केली. घरात कोण कोण, असं विचारलं होतं, तिथे बोट आपसूक गेलं. पाडापाडीच्या आदल्या थंडीत ती गेली, त्यामुळे या सातव्या मजल्यावर तिला नांदायला जागाच नाही. इथे तिनं कधी पडदा सरकवला नाही, की मला कधी चपलांवरून बोलली नाही. तिथे मात्र रोज सकाळी तिला नळावर नेऊन आणतो. एवढाच काय तो गुन्हा.

पण तुझा काका एकटा शहाणा नाही. शिंप्याच्या दारात त्याची म्हातारी आई बसलेली असते. न्हाव्याचा थोरला भाऊ दुकानासमोर उभा असतो. येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायचा, तोच. शाळेतल्या बाईंचे यजमान बाईंच्या मागेमागे चालतात. हयातीत कधी चालले नव्हते. कुणी कुणाला विचारलेलं नाही. परवा लिफ्टमध्ये न्हावी मला म्हणाला की वहिनी आज नळावर उशिरा आल्या. मी म्हटलं, हो, थंडी पडलीय ना. दोघांपैकी कुणीही हसलं नाही. त्याचा मजला आला, तो उतरून गेला.

टीव्हीची पिन काढून ठेवली. कडी वाजतेच आहे. आणि पाइपाचा आवाज मला शिकवू नकोस, बयो.

तुझी सही खोटी व्हावी असं मी म्हणणार नाही. फक्त तिच्या वाटेवर गाड्या उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाहीत, हेही लपवत नाही. मधून मार्ग काढ.

माया असू दे.

तुझा,
काका

१६ नोव्हेंबर

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

मार्ग नाही. एक जरी बाहुली खोटी निघाली तरी सगळ्या गल्लीचं मत बाद होतं. त्या सगळ्या मी आज दुपारी काढल्या. काकूची शेवटी काढली. पुसायच्या आधी संगणकाचा पडदा विचारतो, नक्की का? कॉलेजच्या वर्षांत माझ्या उशाशी चहा ठेवून पावलं न वाजवता जाणारी ती. तिलाच हो म्हणून पुसलं.

त्यांच्याबरोबर त्यांच्या रेघाही गेल्या. आता दारांपुढे लाल ठिपके तेवढे उरलेत. नुसत्या ठिपक्यांचा रस्ता होत नाही आणि रस्ता नसेल तर वाहनतळ ठरलेला. बैठकीपर्यंत जिवंत माणसं चालली पाहिजेत, काका. सगळ्यांना तुम्हीच सांगा. मला तोंड नाही.

राग धरू नका, एवढंच मागते.

तुमची,
चिंगी

२१ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद.

खालच्या सभागृहात सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. शिंपी म्हणाला, आईला एकदा पोचवून आलो, आता किती वेळा पोचवायचं? न्हाव्यानं विचारलं की तुझ्या पुतणीला दुसरा धंदा नाही का. मग बाई उठल्या. म्हणाल्या, आपण आपापल्या दारात उभे राहून काय करतोय? जे चालत होते ते गेले, तर आता त्यांचं चालणं आपण चालू या.

तेव्हापासून वर्दळ आहे. शिंपी त्याची म्हातारी जायची तसा झाडाखाली जाऊन येतो. न्हावी भावाच्या जागी उभा राहतो. बाहुलीला तोंड नसल्यामुळे टर उडवायचं काम तो लिफ्टमध्ये उरकतो. काल माझ्या टोपीवरून बोलला आणि तळमजल्यापासून सातव्यापर्यंत सगळे हसत वर आलो.

नळावर मी जातो. पण कडी वाजायची थांबलीय. तू तिला काढलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. घर इतकं गप्प आहे की फ्रिज मोठ्यानं श्वास घेतो. तुला दोष देत नाही, झालं ते कळवलं.

आता अडचण. उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पट्टी सुटेपर्यंत पडद्याकडे बघायचं नाही. म्हणजे बैठकीपर्यंत नळाच्या वाटेवर कुणीच नाही. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. ज्याच्या त्याच्या वाट्याला ज्याचं त्याचं माणूस आहे. रेघ पुसट होईल ना? नियमात बसेल तेवढंच कर. उगाच नोकरी घालवून माझ्या सातव्या मजल्यावर राहायला येऊ नकोस.

आठवण ठेव.

तुझा,
काका

२ डिसेंबर

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

डोळा कसा आहे? पट्टी सुटल्यावरच हे वाचाल, म्हणून बातमी आधी. आराखडा मंजूर झाला. गल्ली होती तशी पायवाट राहील, मातीची आणि पाणी मुरणारी. तिन्ही झाडं राहतील, नळही राहील. साहेबांनी खुर्ची न सरकवता सही केली. आमच्या लोकांनी परवा जागेवर चुन्यानं रेघ आखली. ती थेट तुमचं दार होतं तिथून निघते.

रेघ पुसट झाली नाही, कारण मी चालले. माझ्या स्वतःच्या नावानं. कॉलेजची वर्षं मी त्याच घरात काढली, रहिवाशांत माझं नाव आहे, तेव्हा नियमात बसलं. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन नळापर्यंत जायचं आणि परत यायचं. आधी काहीच ऐकू आलं नाही. कडी वाजल्याचा तुम्हाला भास झाला असणार, म्हणून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

मग एका सकाळी नळाकडून परत येताना माझी बाहुली शिंप्याच्या पायरीशी थांबली. मी थांबवली नव्हती. बादली दगडावर टेकवल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठा श्वास सोडला. नंतर कडी उचलल्याची खर्र, आणि बाहुली पुन्हा चालू लागली. काका, माझ्या संगणकाला स्पीकर नाही. मागे वळून पाहिलं, ऑफिसात कुणी नव्हतं.

शिंप्याच्या पायरीशी बादली टेकवून काकू दम खायची का? मला हे कुणी सांगितलेलं नाही. ती पाणी आणायची तेव्हा मी झोपलेली असायचे, नळावर तिला मी कधी पाहिलंच नाही. तुम्हीही पत्रात लिहिलं नव्हतंत. पत्रं काढून पुन्हा वाचली सगळी.

मॉडेलमध्ये त्या जागी मी एक दगड ठेवलाय, बादली टेकवता येईल एवढ्या उंचीचा. सगळ्या गल्लीतून आलेली तेवढी एकच सूचना. कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं, दम खायला.

टेकवायची की नाही, एवढंच लिहा. फोन करू नका. मी मजेत आहे म्हणेन आणि आवाज चढलेला तुम्हाला ऐकू येईल.

आहे ती माया तशीच राहू द्या.

तुमची,
चिंगी