पायाळू सुनेचा पाय

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शिव्या खाल्लेलं माणूस म्हणून घरात आता मी एकटीच उरले. मी सांगतेय, नात लिहितेय. मधेच ती माझी भाषा सुधारते. तुम्ही असतात तर तिच्या हातातली लेखणी हिसकावली असती, वाचता येत नसलं तरी.

सून पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर काढलेली, याचा तोरा माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. लग्न होऊन आले तेव्हा माझं तोंड पाहायच्या आधी तुम्ही तळवे पाहिलेत. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस आपल्या ओसरीवर पालथा पडायचा. तुम्ही तेल चोळायचात, मग मी पाय लावायचा. थेट आष्टीकडून गाड्या यायच्या. पण तुम्ही शिकवलंत ते पायाचं काम नव्हतं, तोंडाचं होतं. "आदी इचार. ताप हाय का? पायाला मुंग्या येतात का? लघवी नीट होती का? मंग पाय उचल." मला वाटायचं, म्हातारी कचेरीतल्या वकिलासारखी उगीच उलटतपासणी घेते.

मग ती धर्मापुरीची बाई आली. माझ्याच वयाची, कडेवरचं पोर सासूकडे दिलेलं. पाठीत वरच्या अंगाला दुखत होतं, गाडीतून उचलूनच आणली होती. तुम्ही चुलीवर तेल कोमट करायला आत गेलात. ती पालथी पडली आहे, अंगणातून तिची माणसं बघताहेत, आणि मी आपली कमरेपासून सुरुवात करते.

ती म्हणते, "ठेव की गं माय पाय. कवाची पडलेय मी."

पाय तिच्या कमरेवरच होता.

मी पाय काढला आणि तुम्हाला हाक मारली. कमरेखाली हिला काही कळत नाही, एवढंच सांगितलं. तुम्ही तिच्या तळव्याला बाभळीचा काटा टोचलात. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी जुंपा. बीडच्या दवाखान्यात न्यायचं."

तिचा सासरा उखडला. "डाक्टरकडंच जायचं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? लावा की पाय!"

"ह्ये माज्या हातातलं न्हाई, बाबा. पोरीचे पाय जातील."

तुमच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि तुमच्या तेलाला नाक मुरडणाऱ्या बीडच्या डॉक्टरपुढे तुम्ही मला घेऊन स्वतः उभ्या राहिलात. मणका सडलाय, म्हणाला, फळीवर निजवून ठेवावं लागेल. मग त्याच्या उर्दूत तुम्हाला म्हणाला, "बडी बी, अच्छा किया, दबाया नहीं."

वर्ष सरता सरता ती काठी टेकत आपल्या दारात आली. पोर तिच्यापुढं पळत होतं.

आता मी तुमचे तिन्ही प्रश्न विचारते, वर माझा एक: डोळे मीट आणि सांग, माझं बोट कुठं आहे? चुकलं की गाडी बीडला. हल्लीचा डॉक्टरही मुरगळलेले पाय माझ्याकडं धाडतो, आणि त्याचा कंपाउंडर उसण भरली की मागल्या दारानं येतो. मी त्यालाही चारी प्रश्न विचारते. लघवीच्या प्रश्नाला लाजतो मेला.

नात विचारते, आजी, हा कागद धाडायचा कुठं? कुठं धाडणार! ठेव म्हटलं उतरंडीत. एवढंच लिही आणि झाक. डॉक्टरनं वाखाणल्यावर तुम्ही ताठ होऊन म्हणालात, "माज्या सुनेनं पाय उचललाच न्हाई. आदी इचारलं तिनं." मी पदर सावरत मान डोलावली. विचारलं नव्हतं, आत्याबाई. अंगणात माणसं बघत होती, आणि मला पाय दाखवायचा होता.