वरचा मोती

नवसर्द महिना, दिवस ३
विणकामासाठी झंदना गावी पोचलो. खोली हवेशीर, अंगणात जर्दाळूचं झाड, बायको झिमत खूश. मी खाली बसून रेशमाचा धोटा फेकायचा, तिनं मागावर चढून नक्षीच्या दोऱ्या ओढायच्या. मोत्यांच्या वर्तुळात समोरासमोर दोन बदकं. अर्धीच नक्षी बांधायची, उरलेली अर्धी उलटी होऊन आपोआप उमटते. इथली एक गंमत म्हणजे प्रत्येक वर्तुळात अगदी वरचा मोती विणत नाहीत. मागांचे मालक फर्नखुंद उस्ताद म्हणाले, आतल्या जिवाला दार नको का? मला हसू आवरेना.

दिवस ९
उस्तादांनी चारचौघांत ऐकवलं, वखुशक, तुझ्यापेक्षा तुझी बायको हुशार, तू आपला धोटा फेक! सगळे खिदळले. झिमतही हसली. ते मला फार लागलं.

दिवस १२
शेवटच्या वर्तुळाचा वरचा मोती आज विणलाच. झिमत दोरी ओढेना. म्हणाली, अहो, परक्या गावात कशाला नसता शहाणपणा? मग मीच ओढली. इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दिवस १३
झिमतची मान उजवीकडे वळलीय. सरळ होत नाही. रोटी तशीच पडलीय.

दिवस १५
त्या शेवटच्या वर्तुळातल्या डाव्या बदकाच्या डोळ्याखाली तीळ आलाय. उजव्याच्या नाही. मी तो विणलेला नाही. झिमतच्या डोळ्याखालचा तीळ गेलाय.
मोती उसवला तर दार उघडेल, ती सुटेल. पण उद्या उमरावाचा माणूस कापड बघायला येतोय. उसवलेलं दाखवून पुन्हा हसं करून घेऊ? एका दिवसानं काय बिघडतं!

दिवस १६
कापड पसंत पडलं. उस्तादांनी पाठ थोपटली. घडी घालताना दिसलं, डाव्या बदकाच्या चोचीत झिमतचा निळ्या मण्यांचा हार. मी तोंड उघडलं नाही. थू माझ्यावर.
घरी तिची जागा रिकामी.

दिवस १७
कापड उमरावाच्या शिंप्याकडे गेलंय, तिकडे धावलो. अंगरख्याचा गळा त्याच वर्तुळात कापायचाय. मोती उसवू द्या म्हणालो – हाकलून दिलं.
उस्तादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मेल्या, तिथं एकटं कुणी राहत नाही –

दुपार
माझी मान डावीकडे. सरळ होत नाही –

झिमत दिसली. समोर. तीळ आहे. माझ्याकडे बघतेय, पण हसत नाही –

माफी मागायला तोंड उघडतो तर चोचीत मणी –

वर, मोत्याच्या जागी, कात्रीचं टोक. आधी तिच्या बाजू