पातळ तळव्याचे बूट

प्रिय पूर्वी,

आधी मला चार शिव्या घालून घे. तुझे फोन कापले, मेसेजला नुसते अंगठे पाठवले. काय करू? फोन वाजला की आई कान लावून शेजारी बसते, आणि तिच्यासमोर माझ्या तोंडून "मस्त चाललंय" याशिवाय काही निघत नाही. मस्त काही चाललेलं नाही गं. माझा पाय गेलाय.

नवे बूट घेतले होते, तुला न सांगता. कागदासारखा पातळ तळवा, टाचेला उंची नाही, बोटं मोकळी, अनवाणी धावल्यासारखंच. तू पोलिसाची वर्दी घालून मोकळी झालीस, आणि मी इथे आठशे मीटरच्या शेवटच्या काही सेकंदांशी झटत जाड बुटांना दोष देत होते. बुटांबरोबर सूचना होती, आधी घरात चाला, मग थोडं थोडं धावा, पायांना काही महिने द्या. मी खो खो हसले. आपण काय गालिच्यावर वाढलो? भातलावणीला अनवाणी, वाडीत सुपाऱ्या वेचताना अनवाणी. ही सूचना शहरातल्या नाजूक पायांसाठी असेल, म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण सराव केला.

आणि काय पळाले, बाई! ओहोटीची ओली, घट्ट वाळू, अंगाला वजनच नाही. वाटलं, आता कोण अडवतंय मला! पुढे काही दिवसांनी सकाळीच पाणी वर चढायला लागलं, वाळू उरेना, तशी त्याच बुटांत शेखाडीच्या डांबरी रस्त्यावर गेले. आपण अनवाणी वावरलो ते चिखलात आणि वाळूत, डांबरावर कधी धावलो होतो? एवढी साधी गोष्ट मला पाऊल सुजल्यावर सुचली. गावभर हातपाय चोळून देणाऱ्या आपल्या नामाकाकांनी तेल लावून चोळलं. "शीर चढली हाय, दुसरं काय न्हाय," म्हणाले. मी किंचाळत होते आणि आई म्हणत होती, पोलीस व्हायचंय ना, मग एवढं सोसायला नको?

शेवटी क्लासचं निमित्त सांगून माणगावला गेले, एक्स-रे काढला. बोटांमागच्या हाडाला बारीक तडा आहे. डॉक्टर म्हणाले, पाय टेकवायचासुद्धा नाही. धावलीस तर हाड पूर्ण तुटेल, कदाचित जन्मभर लंगडशील. घरी मुरगळलाय म्हणून सांगितलंय.

पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही, तुला ठाऊक आहे. ही शेवटची. आईने सोमजाईला नवस बोललाय, बाबा आत्तापासून "मॅडम, चहा घेणार का" म्हणून चिडवतात. पुन्हा हरिहरेश्वरच्या त्या लॉजवर उभं राहून पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या द्यायच्या? नाही होणार माझ्याने. न्हाणीघरात नळ सोडून रडते, डोळे धुते आणि न लंगडता बाहेर येते. वेड लागायची पाळी आलीय, पूर्वी.

म्हणून जिममधल्या निकेशला हो म्हटलंय. मैदानाबाहेर पाय बधिर करायची सुई देतो म्हणाला, धाव संपेपर्यंत काही कळणार नाही. हा मूर्खपणा आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. दर वेळी ठरवते, नाही जायचं. मग आई पुढ्यात खरवसाची वाटी ठेवते, आणि मी पुन्हा बूट पुसायला घेते.

तुझा भाऊ विनेश उद्या अलिबागला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. शुक्रवारी भरतीच्या मैदानावर तुझी ड्यूटी आहे असं तोच म्हणाला. डॉक्टरांचा कागद सोबत ठेवलाय. मला रांगेत पाहिलंस की तो तुझ्या साहेबांना दाखव आणि मला बाहेर काढ. मी हात झिडकारेन, सगळ्यांदेखत तुला नाही नाही ते बोलेन, तू जळतेस माझ्यावर असंही म्हणेन. तरी सोडू नकोस. माझं मला थांबता येत नाही गं.

तुझीच,
प्रणाली