मुंगीचा शब्द

मंगळवार, १४ सप्टेंबर
दुपारी, जेवणानंतर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी आणि तुझी तिन्ही शिलाई मशीनं ठणठणीत असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण प्रार्थनेला टेकवला की गप्प बसतो, म्हणजे त्याला देवाचा धाक आहे, माझा नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी ने, दार लाव आणि मनातल्या मनात वाच. भावोजींना दाखवलंस तर चालेल, ते ऐकतात आणि विसरतात.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात तू विचारलं होतंस की मी जिवंत आहे की मला वर बढती मिळाली. जिवंत आहे. इकडे सगळं नेहमीसारखंच चाललंय. आमच्या बालगृहातल्या मुली आता एकोणचाळीस झाल्या. स्वयंपाकघराचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. कोंबड्यांनी संप केला होता, तो मिटला. मदरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता त्यांना कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसते, त्यामुळे आम्हा सगळ्यांचे हाल आहेत.

तू हेही विचारलंस की तुझ्या शेजारच्या गादीवाल्याचं दुकान आठवडाभर बंद का होतं आणि पोलीस कशाला आले होते. ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आहे. तीन ओळी लिहून कोंबड्यांना दाणे टाकून आले, परत येऊन छपराबद्दल लिहिलं. आता मात्र टाळत नाही.

दीड वर्षापूर्वी तुझं ते पत्र आलं नसतं, तर मुंगी आमच्याकडे आलीच नसती. शेजारच्या दुकानामागे एक आठ वर्षांचं पोर दिवसभर कापसात बसतं, खोकतं, शाळेचं नाव नाही, आणि अंगावर वळ दिसतात, असं तू लिहिलं होतंस. गादीवाला लोकांना सांगायचा की चुलतभावाची अनाथ मुलगी सांभाळतोय. सांभाळणं कसलं, पगार न देता ठेवलेली मोलकरीण होती ती. मदर ते पत्र घेऊन सरकारच्या बालकल्याण समितीकडे गेल्या, समितीने चौकशी केली आणि पोर आमच्या हवाली झाली. आली तेव्हा तिच्या केसांत कापूस होता. एवढीशी, पण दिसेल ते ओझं उचलायला धावायची, म्हणून मुलींनीच तिचं नाव मुंगी ठेवलं.

आता आमच्याकडची शब्दाची पद्धत तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे कारण मीच ती तुला जूनच्या पत्रात रंगवून रंगवून लिहिली होती. आमच्या मुली गावातल्या शाळेत जातात आणि आमची गाडी त्यांना आणते. कधी आमच्यापैकी कुणी जाऊ शकलं नाही आणि दुसऱ्याला पाठवावं लागलं, तर त्या माणसाने मुलीला तिचा शब्द सांगायचा. शब्द मुलीनेच निवडलेला असतो, तिनेच चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तो मुलीला, मदरांना आणि गाडीबरोबर जाणाऱ्या सिस्टरला, म्हणजे मला, एवढ्या तिघींनाच माहीत असतो. शब्द नाही तर फाटकाबाहेर पाऊल नाही, मग समोर बिशप का असेनात.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास एक माणूस शाळेच्या फाटकावर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं लोण्यासारखं. सिस्टरांची गाडी बंद पडली आहे, मला मुंगीला न्यायला पाठवलंय, असं त्याने शिपायाला सांगितलं. तिचं खरं नाव, वर्ग, सगळं बरोबर सांगितलं. शिपायाने तिला वर्गातून बोलावून आणलं. मुंगीने त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तो गादीवाल्याचा मेहुणा होता, हे नंतर कळलं. तिने शिकवल्याप्रमाणे शब्द विचारला. आणि ताई, त्याने शब्द सांगितला. "चिखल," म्हणाला.

मुंगी म्हणाली, हा माझा शब्द नाही.

तो हसला आणि पुन्हा म्हणाला, चिखल, चिखल, हाच तर तुझा शब्द. तिने मान हलवली, वळली, थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली आणि त्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली. बाई बिचाऱ्या हजेरीपट लिहीत होत्या, त्यांच्या पायाला काहीतरी मऊ लागलं म्हणून त्या किंचाळल्याच. तोवर तो माणूस पसार झाला होता, पण शिपायाने मोटरसायकलचा नंबर टिपून ठेवला. मोटरसायकल गादीवाल्याची निघाली.

आम्ही पोचलो तेव्हाही ती टेबलाखालीच होती. मी वाकून हाक मारली, तर तिने मलासुद्धा शब्द विचारला. मी सांगितला तेव्हा बाहेर आली.

संध्याकाळी मदरांनी मला खोलीत बोलावलं. पोलिसांना कळवून झालं होतं. मदरांचा प्रश्न एकच होता, शब्द बाहेर गेला कसा. मी छातीठोकपणे म्हणाले, मी कुणाला सांगितलेला नाही. आणि लागले इतरांवर संशय घ्यायला. गाडीच्या ड्रायव्हरने ऐकला असेल, मोठ्या मुलींनी कुजबुज केली असेल, धोबिणीने चिठ्ठी पाहिली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मदरांनी कपाटातला डबा काढला आणि मुंगीची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. तिच्या अक्षरात, मोठ्ठं, वाकडं, लिहिलं होतं: खिचल.

तिला चिखल म्हणताच येत नाही. पहिल्या आठवड्यात ती भाजीच्या वाफ्यात घसरून नखशिखांत माखली होती आणि आता मार बसणार म्हणून डोकं हातांत धरून बसली. मारलं कुणी नाही. सगळ्या हसल्या, मग तीही हसली. म्हणून तिने तो शब्द निवडला. चिठ्ठी लिहिली तेव्हा मी तिला म्हटलंही होतं की अगं, हे उलटं झालं. ती म्हणाली, राहू दे.

मदर म्हणाल्या, "त्या माणसाला शुद्ध शब्द कळला होता. या घरात शुद्ध कोण लिहितं?"

ताई, बावीस वर्षं पोरींच्या वह्यांवर लाल पेन फिरवणारी या घरात मी एकटीच. जूनच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, 'तुझ्या मुंगीने काय शब्द निवडलाय ओळख, चिखल!' चूक जशीच्या तशी लिहायला माझा हात धजलाच नाही. सांगितला नव्हता मी कुणाला, खरंच. लिहिला होता.

आणि माझी पत्रं तू दुकानात वाचतेस, हे काय मला माहीत नव्हतं? कपड्यांचं माप द्यायला आलेल्या बायका हसतात, पुढचं पत्र कधी येणार म्हणून विचारतात, असं तूच कळवायचीस. मला ते आवडायचं. त्यांच्यासाठी मी मुद्दाम विनोद घालायचे. गादीवाल्याची बायको तुझ्याकडेच कपडे शिवायला टाकते, हेही मला ठाऊक होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, माझी तर उचलली लेखणी लावली कागदाला.

मला तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू. चार दिवस आला. मनातल्या मनात तुला बरंच काही सुनावलं. मग वाटलं, वाचणारीने वाचलं, पण लिहिणारीने लिहिलं होतं. दीड महिना गप्प होते ती तुझ्यावर रुसून नव्हे. तुला हे कळलं की तू जेवणार नाहीस, हे मला माहीत होतं, आणि तुला सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार होतं.

मदरांनी गाडीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. फादरांकडे पापनिवेदनाला गेले, म्हटलं, फादर, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ते जाळीपलीकडून म्हणाले, सिस्टर, हे तुम्ही दर महिन्याला सांगता. मग मी सगळं सांगितलं. तेव्हा म्हणाले, देवाला सांगून झालं, आता त्या मुलीला सांगा.

सांगितलं. भाजी निवडताना सांगितलं, कारण समोरासमोर बघून सांगायची माझी हिंमत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, शेंगा खाली ठेवल्या आणि निघून गेली. त्यानंतर पंधरा दिवस तिने मला वही दाखवली नाही. रोज संध्याकाळी एकोणचाळीसपैकी अडतीस वह्या माझ्या टेबलावर यायच्या. ताई, मी संन्यासिनी असले तरी आईच्या जागी आहे, आणि ती एक वही न येणं मला किती टोचलं ते मी तुला लिहू शकत नाही. पोरीला आयुष्यात पहिल्यांदा एक सुरक्षित जागा मिळाली होती आणि त्या जागेचं कुलूप मी हसत हसत उघडून दिलं होतं.

सोळाव्या दिवशी ती आली. वही नव्हतीच. दारात उभी राहून तिने विचारलं, "तुम्ही माझा शब्द नीट का लिहिलात?"

मी म्हटलं, सवयीने.

ती विचार करून म्हणाली, "बरं झालं. चिखल काय, कुणालाही येतं."

मला हसू की रडू कळेना, मी दोन्ही केलं. तीही थोडंसं हसली. पण वही तेव्हाही दिली नाही, हे सांगायला हवं.

गेल्या शुक्रवारी समितीपुढे सुनावणी झाली. गादीवाला नवा सदरा घालून आला होता आणि रक्ताच्या नात्याबद्दल बोलत होता. समितीच्या बाईंनी मुंगीला आतल्या खोलीत नेऊन एकटीला विचारलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही, आणि आता विचारतही नाही. मलाही बोलावलं. मी पत्राचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी मला लेखी समज दिली, ती मी माझ्या बायबलमध्ये ठेवली आहे. मग निकाल सांगितला. अठरा वर्षांची होईपर्यंत मुंगी आमच्याकडेच राहणार. गादीवाल्याने किंवा त्याच्या माणसांनी शाळेच्या किंवा आमच्या दाराच्या आसपासही यायचं नाही. मेहुण्यावर खटला चालेल. ताई, माझा जीव इतका धाडकन भांड्यात पडला की मदरांनी मला बाकावर बसवून पाणी पाजलं.

आता तुझ्याकडे वळते. गादीवालीशी भांडायला जाऊ नकोस. तिचे कपडे शिवणं थांबवायचं असेल तर थांबव, पण वेळ नाही एवढंच सांग. आणि रडत बसू नकोस. या पोरीचे वळ त्या अख्ख्या बाजारात फक्त तूच पाहिलेस, बाकीचे गाद्या विकत घेऊन गेले. हे मी मुंगीलाही सांगितलं आहे. तिला तोवर माहीतच नव्हतं की तिच्याबद्दल कळवणारी कोण होती. ती म्हणाली, ती मशीनवाली? खिडकीतून मला बिस्किट देणारी? बिस्किटाचं तू मला कधी लिहिलं नव्हतंस. तुझ्या पोटात काही गोष्टी राहतात म्हणायच्या.

काल संध्याकाळी माझ्या टेबलावर एकोणचाळीस वह्या होत्या.

सगळ्यात खालची मुंगीची. मी ती उघडणार तोच ती स्वतः आली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि तिचा नवा शब्द सांगितला. मदरांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं की गाडीबरोबर याच सिस्टर हव्यात. उद्यापासून मी पुन्हा गाडीत.

तो शब्द मी तुला लिहिणार नाही. शुद्ध आहे की अशुद्ध, तेही नाही.

तू मात्र ये. मुंगीने बोलावलंय. येत्या महिन्यात दुकान दोन दिवस भावोजींवर सोपव आणि ये. फाटकाशी तीच येईल, आणि शब्द विचारेल, तुलासुद्धा. तुला तो येणार नाही. गडबडून जाऊ नकोस, सरळ सांग की माहीत नाही. तिला मी विचारलं होतं की मग तू काय करशील. म्हणाली, मग मी तुम्हाला हाक मारीन, आणि तुम्ही येईपर्यंत त्यांच्याजवळ उभी राहीन.

वाट पाहते.

तुझी,
पुन्हा विश्वासातली,
धाकटी