कोळीवाड्याच्या दोन जागा

४ जानेवारी १९९१
फादर मिनेझिसनी केबिनमध्ये बोलावलं. कॉलेजला पंचवीस वर्षं होतायत, इतिहास छापायचाय, मराठीतून. "दामाजी, तुम्ही इथल्या कोळीवाड्यातले. लायब्ररीत वीस वर्षं काढलीत. तुम्हीच लिहा." वीस वर्षांत पहिल्यांदा 'बसा' म्हणाले! बसलो. हो म्हटलं. आता लिहायचं तर सगळं लिहायचं.

९ जानेवारी
जुन्या स्मरणिका वाचल्या. प्रत्येकीत तेच — खाडीकाठच्या ओसाड जागेवर संस्थापकांनी ज्ञानमंदिर उभारलं. ओसाड! आज बास्केटबॉल खेळतात तिथे माझी आई जवळा सुकवायची. चाळीस घरांचा जवळा पडलेला असायचा तिथे. आमची माणसं यांना दिसलीच नाहीत. वास मात्र आला असणार.

१० जानेवारी
अजून डोकं भणभणतंय.

१७ जानेवारी
गेटवर विश्रामने अडवलं. वागळे इस्टेटमधली त्याची कंपनी बंद पडली, तेव्हापासून इथे वॉचमन आहे. मॅट्रिकला माझ्यापेक्षा एकोणसाठ मार्क जास्त होते त्याला. गणितात शाळेत पहिला. तो माझ्या बाबाच्या होडीवर गेला, मी कॉलेजात. आता रोज सकाळी मला कडक सलाम ठोकतो — मुद्दाम, खिजवायला.
"लिवतंस म्हंतात. मंग त्या दोन जागांचा पन लिव. पाद्री आपल्या पोरांना देनार व्हते ना? एक तरी दिली का रं?"
खरंच की. गावकीने जमीन दिली ती नारळ ठेवून, शब्द घेऊन — दरवर्षी कोळीवाड्यातली दोन पोरं बिनफीची शिकवायची. पन्नास पोरं व्हायला हवी होती आत्तापर्यंत. शिकलो मी एकटा, तोही बाबाने फी भरली म्हणून. बाकीच्यांना यांनी सरळ टांग मारली. गोड बोलून जमीन घ्यायची आणि वर ओसाड म्हणायचं!

२ फेब्रुवारी
कमिटीची मीटिंग. इंग्रजीच्या चित्राबाई म्हणाल्या, "दामाजी, हा उत्सव आहे, फिर्याद नाही." माझी सटकली. म्हटलं, दोन जागांचं वाक्य येणार नसेल तर पुस्तकावर माझं नाव नको. आवाज जरा जास्तच चढला. चढू दे.
फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्ही शब्द दिला असेल आणि पाळला नसेल, तर पहिल्याच पानावर माफी छापू. पण कागद दाखवा." जुन्या ऑफिसातल्या कपाटाची किल्ली काढून दिली.
जाताना विश्रामला सांगितलं. वाटलं, टोमणा मारेल. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "माफी छापली ना, तं पोरीला वाचून दावीन. तिला वाटतं बापाला डोस्काच नाय." मला भरून आलं. हे वाक्य छापून आणणारच.

११ फेब्रुवारी
सापडला! धुळीने शिंकून शिंकून हैराण झालो, पण सापडला. टाइप केलेला कागद, शिक्का, सह्या. दोन जागा, बिनफी, कायम. खाली एक ओळ — नावे गावकीच्या पाटलाने लेखी कळवावीत. पाटील म्हणजे आमचा बाबाच तेव्हा, गुणाजी पाटील. बघू आता चित्राबाई काय म्हणतात!

१४ फेब्रुवारी
त्याच कपाटात खालच्या खणात एक फाइल होती. उघडली नसती तर बरं झालं असतं.
सहासष्ट ते पंचाहत्तर, दरवर्षी पाद्र्यांचं पत्र — दोन नावे कळवा. दरवर्षी उत्तर. पहिल्या वर्षी एकच नाव, माझं. फी भरलीच नव्हती बाबाने. पुढे नऊ वर्षं — "गावात शिकण्याजोगे कोणी नाही." खाली बाबाची सही. तीच, वाकडी.
पहिल्या वर्षी पाद्र्यांनी परत विचारलंय. शाळेतल्या मास्तरांनी विश्राम नावाचा मुलगा सुचवला आहे, त्याचे काय? उत्तर — "त्यास शिक्षणाची आवड नाही."
तीन होड्या होत्या आमच्या. होड्यांना माणसं लागायची. गावची पोरं शिकली असती तर जाळी कोणी ओढली असती? एवढंच. बाबा, एवढ्यासाठी!
शेवटच्या उत्तरानंतर वर्षभरात बाबा वारला. पुढे पाद्र्यांनी विचारलं नाही, गावाने मागितलं नाही.

१५ फेब्रुवारी
ताट तसंच परत केलं. नंदा विचारते, तब्येत बरी नाही का? बायकोला तरी काय सांगू?

१८ फेब्रुवारी
फादरनी विचारलं, "मिळाला कागद?"
"नाही."
"मग ते वाक्य..."
"नको."
त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, अजून शोधा हवं तर, थांबू आपण. नको म्हटलं. कागद आणि फाइल, दोन्ही घरी ट्रंकेत आहेत. पाटलाचं नाव खराब होईल, म्हातारी आई अजून आहे — अशी कारणं स्वतःला सांगतोय. खरं कारण हे की गेटवरून रोज जायचंय मला.

२३ मार्च
प्रकाशन झालं. शाल मिळाली. गेटवर विश्रामने पुस्तक मागून घेतलं, पहिलं पान वाचलं, मग सगळं चाळलं. "आपल्या दोन जागांचा कायच नाय यान?"
म्हटलं, "पाद्र्यांनी कापलं रे."
त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाव दे. तू लय भांडलास आपल्यासाठी. म्हायती हाय मना."