नूरे दर्याच्या कण्यातली कोरी

हा कागद मी चार दिवस टाळला. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिळालं, पण कॅन्टीनवाल्याच्या गल्ल्यातली चिल्लर चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी झोपलो. कालचं सांगत नाही. आज टाळता येत नाही, कारण उद्या सकाळी आठ वाजता माझी छाती उघडणार आहेत.

तर मी, जखू लधा मिस्त्री, वय सव्वीस, जात सुतार, मूळचा मांडवी, कच्छचा, सध्या कुठलाच राहणार नाही, असं लिहून ठेवतो की माझ्या काळजाची झडप खराब आहे, डोकं शाबूत आहे. कुणी धाक घातलेला नाही. शेजारच्या खाटेवरचे भीखूभाई ओडेदरा मधूनमधून सूचना करतात, तो धाक धरू नये. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. नाही.

"आधी घराचंच लिहायचं असतं," भीखूभाई म्हणाले.

"नाही म्हटलं ना."

"जमीन?"

"नाही."

"बायको?"

"नाही."

"मग मेल्या, मृत्युपत्र कसलं करतोस? चिठ्ठी लिही."

तरी मी मृत्युपत्रच म्हणतो. चिठ्ठी लोक फाडून टाकतात.

कलम २. कपडे, घोंगडी आणि मोबाइल ज्याला हवे त्याने घ्यावेत. मोबाइलची काच तडकलेली आहे, आवाज चांगला येतो.

कलम ३. माझी नाणी, तीन वह्या, भिंग आणि छोटा तराजू भुजच्या हीरजी ठक्करांना द्यावा. त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. वह्यांमध्ये जामनगरची, जुनागढची, हैदराबादची आणि कुठली ते अजून ठरलेलं नाही अशी नाणी आहेत. ट्रकवर क्लीनर होतो, धाब्यांवर भांडी घासली, जत्रांमधून पाळणे उभे केले. जिथे गेलो तिथे आधी मोडीची दुकानं शोधली. अर्धी नाणी हीरजीकाकांना आवडणार नाहीत. त्यांनी तोंड वाकडं करावं, पण विकू नयेत.

मोरबीच्या जत्रेतल्या ज्या माणसाने मला ओतीव खोटी मोहर खरी म्हणून दिली, त्याला माझ्या इस्टेटीतलं काहीही मिळू नये. त्याने मागितलेलं नाही. पण तो मागेल असा आहे.

वरच्या वह्यांमध्ये एक नाणं नाही. ते माझ्या उशीच्या खोळीत आहे. त्याच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

कलम ४. ते नाणं म्हणजे एक कोरी, आमच्या कच्छचं जुनं चांदीचं नाणं, करंगळीच्या नखाहून थोडं मोठं. ती माझी नाही. मी ती चोरलेली आहे.

आमच्या मांडवीला रुक्मावतीच्या काठावर लाकडी गलबतं बांधतात. माझे वडील, ज्यांना मी बापा म्हणतो, तिथले मिस्त्री. गलबताचा तळाचा कणा आणि पुढची नाळ जिथे जुळतात त्या सांध्यात एक कोरी ठेवायची असते. गलबत म्हातारं होऊन मोडायला काढलं की ती बाहेर येते आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्या घराच्या नव्या गलबताच्या कण्यात जाते. तिने घरात एकही रात्र काढायची नाही. मिस्त्रीच्या मुलाने ती धुवायची, लाल फडक्यात बांधायची. मिस्त्रीने गाठ सोडून बघायचं नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. सुलेमान नाखव्याचं बापजाद्यांचं गलबत मोडायला काढलं होतं आणि शेजारीच त्याच्या नव्या गलबताचा, नूरे दर्याचा, कणा ठोकळ्यांवर मांडला होता. बापाने छिन्नी घातली, सांधा उकलला, आणि बिब्ब्यासारखं काळं काहीतरी चिखलात पडलं.

"जखू, धू आणि बांधून आण. आणि वाटेत कुठे रमू नको," बापा म्हणाले.

मी रमलो. नदीकाठी एका फुटक्या डब्यात चिंच भिजत पडली होती, पितळी कड्या घासायला. मी चिंच घेतली, राख घेतली, आणि अंगठ्याने चोळत बसलो. नुसती पाण्याखाली धरायची सोडून घासत का बसलो, ते मला आजही सांगता येत नाही. आधी एक आडवी रेघ वर आली. मग तिच्याखाली लोंबणारी अक्षरं. शाळेत मी सातवीतच थांबलो होतो. फळ्यावरचं वाचताना मला घाम फुटायचा. पण ही अक्षरं मला वाचता आली. राउ श्री देशळजी. उलटी केली तर दुसऱ्या बाजूला फारसी, वेलीसारखी, एकात एक अडकलेली. बापाच्या बापाने ही अंधारात ठेवली होती, त्याच्या आधी आणखी कुणी, आणि तिच्यावर काय लिहिलंय हे त्यांच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. बघणारा मी पहिला. आता हिला पुन्हा सांध्यात घालायची, वर लाकूड ठोकायचं, आणि मी मरेपर्यंत ती दिसणार नाही, हे मला सहन होईना.

खिशात एक रुपया होता, स्टीलचा. मी तो फडक्यात बांधला.

बापाने पुडी तळहातावर घेतली, जरा जोखली, माझ्याकडे बघितलं. मग सांध्यात ठेवली आणि तासायच्या वाकसाच्या पाठीने लाकूड बसवलं. त्या हाताला लाकडातला रतीभर ओलावा कळायचा. पुडीतलं त्याला कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आज इतकं लिहावं लागलं नसतं.

मग कोरी घेऊन भुजला हीरजीकाकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि कपाळाला हात लावला.

"कुणी घासली ही?"

"मी."

"चिंचेनं?"

"चिंच आणि राख."

"अरे गाढवा, शंभर वर्षांत खाऱ्या पाण्याला जमलं नाही ते तू अर्ध्या तासात केलंस! चांदीची कातडी सोललीस की तिची."

त्या दिवसापासून मी त्यांचा चेला. पण ते राहू दे.

नूरे दर्या दोन वर्षांनी पाण्यात उतरलं. तिसऱ्या फेरीला, अरबांच्या किनाऱ्याकडे जाताना, बुडालं. बाकीच्यांना दुसऱ्या गलबताने उचललं. सुलेमान नाखवा सगळ्यांत शेवटी उडी मारणार होता, त्याला मारता आली नाही. परत आलेले खलाशी म्हणाले, पाणी नाळेच्या बाजूने शिरलं.

नाखव्याची बायको हलिमामासी बांधकामाच्या जागी आली. ओरडली नाही. सगळ्या सुतारांसमोर म्हणाली, "लधा मिस्त्री, तुझ्या सांध्याने माझा माणूस खाल्ला."

बापा म्हणाले, "बाई, सांधा माझाच होता."

आणि हातातला वाकस खाली ठेवला. नंतर कुणी त्यांना कणा मांडायला बोलावलं नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. मी तिथे पाच हातांवर उभा होतो. कोरी माझ्या खिशात होती. आठ दिवसांनी मी मांडवी सोडली. त्याला आता सहा वर्षं झाली.

वादळात गलबतं कोरीसकटही बुडतात, हे मला कळतं. स्टीलच्या रुपयाने पाणी आत येत नाही, हेही कळतं. पण बापाने नियम मोडला नव्हता, मी मोडला होता, आणि ठपका त्यांनी घेतला.

म्हणून असं करावं. ती कोरी हलिमामासीला द्यावी. तिच्यासोबत हा कागद नदीकाठी, सगळे सुतार जमलेले असताना, मोठ्याने वाचावा. लधा मिस्त्रीचा सांधा पक्का होता, कसूर मुलाची होती, हे सगळ्यांनी ऐकावं. मग मासीने ती कोरी कुठल्याही कण्यात घालावी नाहीतर नदीत टाकावी, तिचा हक्क आहे. पण हे सगळं माझ्या मृत्यूनंतरच. आधी नाही.

हे कलम मी भीखूभाईंना वाचून दाखवलं.

"मेल्यावर कबूल करणार. बरा हुशार आहेस! शिव्या खायला तू हजरच नाहीस."

"उद्या वाचलो तर?"

"तर काय, पुन्हा गप्प बसशील. कागद फाडशील आणि ट्रकवर चढशील. ओळखतो मी तुझ्यासारख्यांना." मग म्हणाले, "आण, सही करतो. पण मला हे आवडलेलं नाही, तेही लिही."

लिहिलं.

कलम ५. बापाला द्यायला माझ्याकडे काही नाही. इस्पितळाच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून त्यांचा फोन नंबर दिला आहे, आणि फोन करू नका असंही सांगितलं आहे.

ठिकाण: राजकोट. दिनांक ११ जानेवारी २०१९, दुपारी.
लिहून देणार: जखू लधा मिस्त्री
साक्षीदार पहिला: भीखू ओडेदरा, शेंगदाण्याचा व्यापार, पोरबंदर (नाखुशीने)
साक्षीदार दुसरा:

दुसऱ्या सहीसाठी सिस्टर लिसींना बोलावलं होतं. त्या आल्या, पण पेन घेईनात. फोन त्यांनीच केला होता म्हणाल्या, रागव हवं तर. खाली एक बाई आल्या आहेत, मांडवीहून पहाटेची बस धरून. मिस्त्रीला आता धड दिसत नाही, बसमध्ये चढवेना, म्हणून त्याने या बाईंना पाठवलंय. हलिमा, पोराला एकट्याला कापायला देऊ नको, एवढंच बोलला म्हणे. त्या बाई जिन्यावर दम खात बसल्या आहेत, आता वर येतील.

म्हणजे हलिमामासी बापाच्या घरी जाते. केव्हापासून, मला माहीत नाही.

भीखूभाईंनी उशी पाठीशी घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. दाराबाहेर कुणीतरी चपला काढतंय. कोरी मी खोळीतून काढून हातात घेतली आहे. दुसरी सही राहू दे.