दिवसाला तीन प्रयत्न

ती. अक्कांना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे बरे असतील असं धरून चालतो, कारण नाहीत असं कळलं तरी मी इथून करणार काय? माझं ठीक आहे. तुमच्या धाकट्या बहिणीला जाऊन तीन महिने झाले. दूध रोज उतू जातं, कपडे दोरीवरच राहतात, बाकी घर जागेवर आहे.

पत्रास कारण एवढंच की मी कॉम्प्युटर शिकतोय. हसू नका. वाचनालयात पेन्शनरांचा वर्ग भरतो. (माउसला हात हलका लागतो म्हणे, चौतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलेल्या माझ्या हाताखाली पहिल्याच दिवशी एकाने मान टाकली.) बाई पोरसवदा पण कडक. त्यांनी वहीत शब्द उतरवून दिले. ब्राउझर म्हणजे इंटरनेटचं दार. क्लाउड म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या कपाटात ठेवणं, आणि पासवर्ड म्हणजे त्या कपाटाची किल्ली. ड्राफ्ट म्हणजे ईमेलमध्ये लिहिलेलं पण न पाठवलेलं पत्र. हा शब्द मी आधीच ऐकला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्यासाठी ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलंय, निवांत वाचा." मी मान डोलावली. पासवर्ड विचारला नाही. (निघालेल्या माणसाकडे किल्ल्या मागणं बरं दिसत नाही.)

म्हणून घरी तिच्या कॉम्प्युटरवर तिचं ईमेल उघडायला बसलो आणि 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं. तर आधी म्हणे, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा. सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा. मी खांबही निवडले (दिवे काय हवेत लटकतात?) आणि दोनदा नापास झालो. पण तीन महिन्यांत इतकी चौकशी कुणी केली नव्हती, त्यामुळे राग आला नाही.

मग आला सुरक्षा प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त मालकाला ठाऊक असतं असा प्रश्न. तो तिने स्वतःच रचलाय: 'माझा सर्वांत सुखाचा दिवस?' खाली तारीख लिहायची. मी हसत हसत लग्नाची टाकली. चूक. (वर्षाचा घोळ असेल म्हणून पत्रिका शोधून काढली. वर्ष बरोबर होतं.) लेकीला विचारलं, तिने स्वतःचाच वाढदिवस सांगितला. तोही चूक. घराचा ताबा मिळाला तो दिवस, चूक. दिवसाला तीनच प्रयत्न, मग चोवीस तास कुलूप. वीस दिवस झाले, अक्का, साठ सुखाचे दिवस टाकून झाले. परवा माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा टाकली, कारण तेव्हा मी आठ दिवस घरी नव्हतो. तीही चुकली, तेवढंच समाधान.

बेचाळीस वर्षं संसार केला आणि एक तारीख सांगता येत नाही, याची लाज वाटते. बाई म्हणाल्या, "काका, त्यांच्या जवळच्या कुणाला तरी विचारा ना." मी म्हटलं, "जवळचा मीच."

बाकी क्षेम. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. उत्तर पाठवाच. ती तुमच्यापासून काही लपवत नसे, तुम्हाला तो दिवस ठाऊक असणार.

आणखी ता. क. लग्नाआधीचा असला तरी चालेल.

शेवटचा ता. क. तारीख पत्रात लिहू नका. जमेल तेव्हा स्वतःच या आणि टाका. तेवढा वेळ मी बाहेर जिन्यात उभा राहीन. उघडलं की हाक मारा.